आक्कानं आणलेली माती

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मंडईत नारळाचा गाळा होता, त्यावर आयुष्य गेलं. लिहायची सवय नाही, त्यामुळे फिरवून फिरवून सांगायला जमणार नाही. बायको गेली. तिची झाडं तिच्यामागं मेली. त्यातलं एक पिल्लू मी जगवलं. गोष्ट एवढीच आहे, पण हिच्यात माझी थोरली बहीण अडकलेली आहे आणि ती अजून सुटलेली नाही.

झाडं म्हणजे ऑर्किडची. आमच्या घरात ती आली नारळाच्या शेंड्यांमुळे.

गाळ्यावर एक बाई यायच्या. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, बंगल्यात राहणाऱ्या. नारळ एकच घ्यायच्या आणि त्या एकासाठी दहा नारळ कानाशी हलवायच्या. एकदा त्यांनी पायाखालच्या ढिगाकडं बोट दाखवलं.

"अहो, या शेंड्या तुम्ही विकता का फेकता?"

"गिऱ्हाईक मिळालं तर विकतो, नाही मिळालं तर फेकतो."

"मग मी गिऱ्हाईक नाही. मी फेकलेल्या उचलणार आहे."

पिशवी भरून घेऊन गेल्या. मग दर आठवड्याला येऊ लागल्या. दुपारी मी जेवायला घरी गेलो की गाळ्यावर बायको बसायची. दोघींची तिथं ओळख झाली. शेंड्यांचं काय करता, असं हिनं विचारलं असणार, कारण एका संध्याकाळी ही ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन घरी आली. करंगळीएवढी हिरवी कांडी, तिला चार पानं आणि खाली पांढरी मुळं. मुळं शेवयांसारखी लोंबत होती.

"हे पिल्लू आहे," ती म्हणाली. "आईच्या अंगावरच फुटतं. मुळं बोटाएवढी झाली की वेगळं करायचं."

"फूल येतं का?"

"येतं. दीड-दोन महिने टिकतं."

"वास?"

"वास नाही."

"म्हणजे देवाला चालत नाही, वेणीत चालत नाही. मग घरात कशाला?"

"तुम्ही तरी कुठं देवाला जाता? तुम्हाला ठेवलंय ना घरात."

 

त्या एका पिल्लाची गॅलरी झाली. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची जागा, लिफ्ट नाही, गॅलरी पूर्वेला. दह्याची रिकामी मडकी ती जपून ठेवायची, मी त्यांना खिळ्यानं भोकं पाडून द्यायचो. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाचे तुकडे आणायची. गाळ्यावरच्या शेंड्या पाण्यात भिजवून, पिळून घ्यायची. फुटका नारळ निघाला तर त्याचं पाणी मला पिऊ द्यायची नाही, बादलीभर पाण्यात मिसळून झाडांना द्यायची. मी म्हणायचो, गाळा माझा आणि पाणी झाडांना. ती म्हणायची, तुमच्या बीपीला बरं नाही ते. तसं खरं तर काही नव्हतं.

ह्या सगळ्या सामानाची ने-आण मी केली. कोळसा आणला, शेंड्या आणल्या, भोकं पाडली. पण ते सामान मडक्यात गेल्यावर पुढं काय होतं ते बघायला कधी थांबलो नाही. पहाटे ट्रक लागायचा, त्याआधी मी बाहेर पडायचो. ती त्या वेळी गॅलरीत झाडांशी बोलत असायची, नाहीतर स्वतःशी. मला चप्पल घालताना तेवढा आवाज यायचा. काय बोलतेस, असं एकदा विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. सांगायला तिला फार आवडायचं. संसार एवढ्या वर्षांचा, आणि गॅलरीत मी फक्त टॉवेल वाळत घालायला गेलो.

उन्हाळ्यात ती गेली. आजारपण लांबलं होतं. शेवटचे काही महिने तिला गॅलरीपर्यंतही जाववत नव्हतं. पलंगावरून मला सांगायची, आज पाणी घाला, आज नको. ती सांगेल तसं मी करायचो. पण का नको, ते नाही विचारलं.

आता आक्का. आई लवकर गेली, मला आक्कानं वाढवलं. तिचं सासर खडकवासल्याच्या बाजूला, कालव्याच्या कडेचं गाव. शेत बरंचसं वाटण्यांत गेलं, तरी तिच्या नावावर एक पट्टी उरली होती आणि ती तिथं स्वतः खुरपं घेऊन बसायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आमचे तीन मजले तिला चढवत नव्हते, म्हणून आमची हीच तिच्याकडं जायची. संक्रांतीला तर नक्की. जाताना नारळ न्यायची, येताना हरभऱ्याची जुडी आणि माझ्याबद्दलच्या चार तक्रारी घेऊन यायची. दोघी मिळून माझी निंदा करायच्या आणि त्यात त्यांना फार सुख होतं.

ही गेल्यावर आक्का ते तीन मजले बसत बसत चढली आणि तेरा दिवस होईपर्यंत खाली उतरली नाही. त्या दिवसांत तिनं गॅलरी पाहिली. एका सकाळी मला हाक मारली.

"अरं, ह्यात माती कुठं हाय?"

मी जाऊन बघितलं. मडक्यांत नुसता कोळसा आणि शेंड्या. वर मुळं उघडी पडलेली, पांढरी, एकमेकांत गुंतलेली. मला वाटलं, कोळसा-शेंड्या खाली निचऱ्यासाठी असणार. वरची माती आजारपणाच्या दिवसांत पाण्यानं वाहून गेली असणार.

"धुऊन गेली बहुतेक," मी म्हणालो.

"बहुतेक? तिला उठवत नव्हतं, तुझं डोळं काय करत व्हते? उघडी नागडी झाडं ठेवलीस की रं. वयनीचा जीव व्हता त्यांच्यात."

तेराव्याला तिचा मुलगा आला तो मोटरसायकलवर पुढं गोणी ठेवून. आक्कानं निरोप धाडला होता. त्या पट्टीतली काळी माती, चाळून, त्यात मुरलेलं शेणखत. पाहुणे जेवून गेल्यावर आम्ही बहीणभाऊ गॅलरीत बसलो. मी एकेक मडकं धरायचो, ती ओंजळीनं माती घालायची, बोटानं दाबायची. तिच्या बोटांना ते काम पाठ आहे. माती भरून झाली की वर पाणी. खाली फरशी खराब होऊ नये म्हणून तिनं प्रत्येक मडक्याखाली ताटली ठेवली. सगळं झाल्यावर हात जोडून म्हणाली, "वयनी, तुजी लेकरं जेवली गं आता." आणि रडली. त्या तेरा दिवसांत ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली होती. मलाही बरं वाटलं. आपण तिच्यासाठी काहीतरी केलं असं वाटलं.

त्या मातीत गहू चांगला आला असता. ऑर्किड नाही आलं.

पावसाळ्यात झड गॅलरीत यायची, त्यात मी रोज आंघोळीनंतर तुळशीला घालतो तसं एक तांब्या पाणी प्रत्येकाला घालत होतो. श्रावणापर्यंत पानं पिवळी पडून गळायला लागली. मला वाटलं, तिच्या जाण्याचा धसका घेतला असेल. माणसं म्हणायचीच तसं, झाडांना कळतं. ते ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मी बरेच दिवस तेच धरून बसलो. मग एक कांडी हातात घेतली तर ती पिकलेल्या केळ्यासारखी मऊ लागली.

शेंड्यांवाल्या बाई आता थकल्या होत्या, पण मंडईत यायच्या. मी एक मडकं पिशवीत घालून गाळ्यावर नेऊन ठेवलं आणि त्या आल्यावर पुढं केलं. त्यांनी ते उपडं केलं. काळी मुळं, कुजका वास.

"अहो, यात माती कुणी घातली?"

"मी."

"कशासाठी?"

"माती नव्हती म्हणून."

 त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत. "या झाडाला मुळांपाशी हवा लागते," त्या म्हणाल्या. "मूळच्या जागी ही झाडांच्या फांद्यांवर राहतात, जमिनीत नाही. तुमच्या मिसेसनी सांगितलं नव्हतं का?"

"मी विचारलं नव्हतं."

झाड हातात फिरवताना त्यांचं बोट एका कांडीच्या टोकापाशी थांबलं. तिथं दोन पानांचं पिल्लू फुटलेलं होतं. त्याची मुळं नखाएवढी, पण हिरव्या टोकाची. मातीपासून लांब, वर हवेत होतं म्हणून वाचलं होतं.

"हे जगेल. पण आत्ता तोडू नका."

"खालची आई मरतीये ना?"

"मरतीये. पण कांडी हिरवी आहे तोवर त्याला पाजेल. माती धुऊन टाका, कुजलेलं कापा आणि कांडी शेंड्यांवर आडवी ठेवा. सावलीत. पाणी नुसतं शिंपडा."

घरी जाऊन मी बाकीची सगळी मडकी उपडी केली. एकही धड निघालं नाही. गोणीभर माती परत गोळा झाली. ती माती बघून आक्काची बोटं डोळ्यासमोर आली आणि मी ठरवलं, तिला सांगायचं नाही.

त्या आठवड्यातच तिचा फोन आला. "वयनीची झाडं कशी हायत?"

"हायत," मी म्हणालो.

मी गिऱ्हाइकाला कधी खोटं बोललो नाही. नारळ हलवून पाणी नसेल तर तोंडावर सांगायचो, हा नको, खवट निघेल. त्यावरून मंडईत माझी चेष्टा व्हायची. आणि बहिणीला म्हणालो, हायत. ती खूश झाली. "माती लागली बग," म्हणाली.

पिल्लू वाढवणं म्हणजे बहुतेक वेळ काही न करणं. हे मला फार जड गेलं. कांडी आडवी पडून हळूहळू सुरकुतत होती आणि तिच्या टोकाला ते दोन पानांचं पोर तिचंच पिऊन मोठं होत होतं. मुळं लांबली. बोटाएवढी झाल्यावर मी ते कापलं, तोवर आईची कांडी वाळून काडीसारखी झाली होती. दह्याच्या मडक्यात कोळसा, वर भिजवून पिळलेल्या शेंड्या, आणि हिच्या जुन्या साडीच्या काठाची चिंधी काढून पिल्लाला काडीशी बांधलं. चिंधीचं मला कुणी सांगितलं नव्हतं. हिच्या मेलेल्या झाडांच्या मडक्यांत प्रत्येकात एकेक चिंधी निघाली होती, त्यावरून केलं.

पाणी कधी घालायचं हा मोठा घोळ होता. वरून बघून कळत नाही. मग एकदा सहज मडकं उचललं आणि हाताला वजन कळलं. नारळासारखंच. जड आहे म्हणजे आत पाणी आहे, हलकं आहे म्हणजे घालायला हवं. इतकी वर्षं जे हात करत होते तेच करायचं होतं. ती पलंगावरून मला म्हणायची, आधी उचलून बघा, मग सांगा. मी उचलायचो आणि "बघितलं" म्हणायचो. मला वाटायचं, मडक्याखाली पाणी गळतंय का ते बघायला सांगतीय.

पहिल्या वर्षी बुडातून नवा कोंब आला, पेन्सिलएवढा. पुढच्या पावसाळ्यात एका गोगलगायीनं मुळांची सगळी हिरवी टोकं खाल्ली. सकाळी ती मडक्याच्या बुडाशी पोट भरून चिकटलेली सापडली. झाड वर्षभर तिथंच थांबलं. मग पुन्हा कोंब, आधीच्यापेक्षा जाड. दरसाल एक कांडी, दरसाल जरा थोराड. अशी ती झाडं वाढतात. घाई केली की रुसतात.

आक्काचे फोन चालूच होते. तिला यायचं असायचं. मी म्हणायचो, आक्का, गुडघे बघ तुझे, जिना तोच आहे. घरात रंगकाम आहे. मी गावाला निघालोय. शेवटी मीच तिच्याकडं जाऊन यायचो. आणि गेलो की ती विचारायची, फुलं आली का रं? मी म्हणायचो, येतील. मनात हिशेब एकच असायचा, एक झाड फुलू दे, मग आक्काला बोलवायचं. फुललेलं झाड समोर असलं की बाकीच्यांचं सांगता येईल. नुसती रिकामी गॅलरी दाखवून कसं सांगणार?

मधल्या काळात आक्काची पट्टी गेली. सगळ्या भाऊबंदांनी मिळून जमीन बिल्डरला दिली, तिच्या एकटीच्या नाही म्हणण्याला अर्थ नव्हता. तिथंच उभ्या राहिलेल्या इमारतीत तिच्या मुलाला फ्लॅट मिळाला. तिचं शेत आता गाड्या लावायच्या जागेखाली आहे. आठव्या मजल्यावर तिला लिफ्टनं नेतात. ती म्हणते, "वर नेत्यात ते बरं हाय, पर खाली बघवत न्हाई."

आणि मग एका हिवाळ्यात कांडीच्या टोकाला कळ्यांची दांडी आली. मी रोज मोजायचो नाही, पण रोज बघायचो. फुलं उमलली ती जांभळट, मध्ये गडद. हिची तशीच असायची. मी खुर्ची घेऊन समोर बसलो. बघायला शेजारी कुणीतरी हवं होतं असं फार वाटलं. हिनं किती वेळा हाक मारली असेल, अहो, जरा इकडे येऊन बघा, आणि मी "आलो" म्हणून गेलो नसेन.

मी आक्काला फोन केला. म्हटलं, ये. फुलं आलीत.

भाच्यानं तिला आणली. प्रत्येक मजल्यावर ती पायरीवर बसली, पाणी प्यायली, जिना बांधणाऱ्याला शिव्या दिल्या. घरात आली ती थेट गॅलरीत. भाचा आत टीव्हीपुढं बसला. ती फुलांजवळ गेली, खूप वेळ बघितलं, आणि हसली. "वयनी," एवढंच म्हणाली.

मग मान फिरवून गॅलरीत बघितलं.

"बाकीची कुठं हायत?"

 तिनं परत मडक्यात बघितलं. वाकून बोट घातलं. बोटाला शेंडीचा काथ्या लागला, कोळसा लागला.

"ह्यात माती न्हाई."

"नाही."

"का न्हाई?"

मी म्हणालो, "पाणी जास्त झालं होतं आक्का, त्यानं—"

"माझ्याशी खोटं बोलतूस व्हय? लहानपणी बोलताना नाक खाजवायचास, आताबी खाजवतूस."

मग मी सांगितलं. सगळं. झाडाला माती चालत नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं, असं म्हणालो. मडकी मी धरली होती, असंही म्हणालो. तिनं ऐकून घेतलं आणि खुर्चीत बसली.

"कधी कळलं तुला?"

"त्याच श्रावणात."

"आन् मी एवढी वर्सं फोनवर इचारत व्हते."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतंच की! तवा वाटलं असतं. तवा रडले असते, तुज्याबरोबर ह्ये एक पिल्लू बगितलं असतं. आठव्या मजल्यावर बसून मी रोज म्हणते, शेत गेलं, पर माझी माती हाय वयनीच्या झाडांत. त्येच धरून बसले व्हते मी. तू मला ठेवलंस त्यावर."

हे मला माहीत नव्हतं. मी झाडं लपवत होतो. ती त्या मातीवर जगत होती.

मग तिनं विचारलं, "ती माती टाकलीस?"

"नाही." मी तिला कोपरा दाखवला. तुळस आणि कढीपत्ता, दोन्ही मोठ्या कुंड्यांत. गोणीतली सगळी माती त्यांच्यात घातली होती. कढीपत्ता माझ्या छातीपर्यंत आलाय. शेजारचे येऊन नेतात. ती उठली, तुळशीच्या कुंडीत चारी बोटं खुपसून तशीच उभी राहिली. मग ओली बोटं पदराला न पुसता आत आली. चहा घेतला नाही.

जाताना मी म्हणालो, "आक्का, ह्याच झाडाच्या कांडीवर नवं पिल्लू फुटलंय. मोठं झालं की तुला देतो."

"मला नको. माझ्या हातात ऱ्हायचं न्हाई ते," म्हणाली आणि जिना उतरू लागली. उतरताना एकदाही थांबली नाही. गुडघे दुखत असणार.

आता ती फोन करत नाही, मी करतो. तब्येत विचारतो, जेवण विचारतो, ती उत्तर देते. झाडाचं ती विचारत नाही. मी न विचारता सांगतो, आणि जसं असेल तसं सांगतो. आज एक पान पिवळं पडलं. आज मुळाचं टोक काळं दिसलं, बहुतेक पाणी जास्त झालं. पिल्लाचं मूळ अजून नखाएवढंच आहे आक्का, बोटाएवढं व्हायला वेळ आहे.

ती "हं" म्हणते. बाकी काही बोलत नाही. पण फोन ठेवत नाही.